रिमोटची गाडी घ्यायची म्हणतेस ना?

अगं, एवढी लाजतेस कशाला? रिमोटवर चालणारी गाडी घ्यायची आहे तुला, कुणाचं घर फोडायचं नाहीये. आणि दुकानात जाऊन "मुलासाठी बघतेय" असं मुळीच सांगू नकोस. तसं सांगितलंस की दुकानदार तुला दिवे लागणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या गाड्यांच्या कपाटापाशी नेणार आणि तूही भिडेखातर त्यातलीच एक उचलून आणणार. "मला स्वतःला हवी आहे, हॉबी ग्रेडची," असं सरळ सांग. एखादा हसेल. हसू दे. पस्तिशीनंतर बाईने फक्त क्रोशाच विणावा असा कुठे कायदा नाही. मी दोन्ही करते, तेही एकाच टेबलावर. क्रोशाच्या पिशवीत स्प्रिंगा सापडतात म्हणून आई अजून बोलते, ते सोड.

तुझा तो भलामोठा मेसेज वाचला. ब्रश्ड की ब्रशलेस, टू-एस की थ्री-एस, बग्गी की ट्रक की क्रॉलर, किट की तयार गाडी... डोकं भणभणणारच गं. रात्री एक वाजेपर्यंत व्हिडिओ बघत बसलीस ना? ते आता बंद. बघ, पहिली गाडी घेताना खरा प्रश्न एकच असतो: ही मोडली तर मला घरी उघडता येईल का, आणि मोडलेला तुकडा सुटा विकत मिळेल का? बाकीचे प्रश्नही आहेतच, पण त्यांना रांगेत मागे उभं राहू दे.

कारण मोडणार आहेच ती. गच्चीच्या कठड्यावर आपटेल, फुटपाथच्या कडेला पुढचं चाक धडकेल, नाहीतर भाचा येईल आणि "मावशी, एकदाच" म्हणून थेट भिंतीत घालेल. खरं सांगू का, ज्यांचा हा छंद वर्षानुवर्षं टिकतो ना, त्यांना गाडी पळवण्याइतकंच ती उघडून बसायला आवडतं. रविवारी तासभर पळवायची आणि मग आठवड्यातली एखादी संध्याकाळ स्क्रू, ब्रश आणि चिंधी घेऊन बसायचं, असं हे प्रमाण असतं. तू शिलाई मशीनची बॉबिन केस स्वतः काढून साफ करतेस, मिक्सरचं भांडं गळायला लागलं की वॉशर बदलतेस. मला तुझी काही काळजी वाटत नाही.

आता हॉबीची गाडी ओळखायची कशी? साध्या खेळण्यातली चाकं बहुतेक वेळा एक तर पूर्ण डावीकडे वळतात, नाहीतर पूर्ण उजवीकडे. मधलं काही नाही. हॉबीच्या गाडीत रिमोटवरचं चाक तू जेवढं फिरवशील तेवढीच पुढची चाकं वळतात आणि ट्रिगर जेवढा दाबशील तेवढाच वेग मिळतो. तिच्या पोटात सगळं सुटं सुटं असतं. गाडी ओढणारी मोटर, चाकं वळवणारा सर्व्हो, रिमोटचा संदेश पकडणारा रिसिव्हर, आणि बॅटरीतून मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणारी ईएससी नावाची छोटी डबी. जे गेलं तेवढंच बदलायचं. काही स्वस्त गाड्यांत रिसिव्हर आणि ईएससी एकाच डबीत असतात. तेही चालतं, फक्त ती डबी सुटी मिळते का ते आधी विचार.

आणि दुकानदाराची परीक्षा कशी घ्यायची ते सांगते. "टॉप स्पीड किती" हे विचारूच नकोस, तो आकडा सगळ्यांना पाठ असतो. "या गाडीचा पुढचा सस्पेन्शन आर्म आहे का, आणि केवढ्याला?" एवढंच विचार. पुढची चाकं धरून ठेवणारे ते दोन प्लॅस्टिकचे हात सगळ्यांत आधी मोडतात, कारण धडक पहिली त्यांनाच बसते. तो कपाटातून पाकीट काढून दाखवत असेल तर तिथे थांब, चहा दिला तर पी. "मॅडम, आमच्या गाड्या मोडत नाहीत" असं म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पड.

बाहेरच्या देशातून मागवायचा मोह होईल. किंमत कमी दिसते, पण वर वाहतूक आणि सीमाशुल्क चढलं की फरक बराचसा मिटतो, आणि मग एका आर्मसाठी महिनाभर वाट बघत बसायचं. दादा दुबईहून येताना आणणार असेल तर त्याला एवढं नक्की सांग की सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात सामानाच्या बॅगेत टाकायच्या नसतात, टोकं झाकून हातातल्या बॅगेत ठेवायच्या असतात. तारा, कनेक्टर, सोल्डर, ट्यूब असल्या किरकोळ गोष्टींसाठी मात्र कुणाचीच वाट बघू नकोस. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं आहेत. तिथले काका आधी तुझ्याकडे संशयाने बघतात, आणि एक्सटी-सिक्स्टी कनेक्टरची जोडी मागितलीस की एकदम ताई म्हणायला लागतात.

या उघडण्या-जोडण्यावरून आठवलं. जपानच्या शिझुओकामधल्या तामिया कंपनीने रिमोटवर चालणारी आपली पहिली गाडी, पोर्श ९३४, १९७६ मध्ये आणली. तेव्हा नमुना नीट कळावा म्हणून त्यांनी खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली आणि सुटी करून बघितली होती. त्यांची ग्रासहॉपर नावाची साधीशी बग्गी १९८४ ची. लोकांना ती इतकी आवडायची की २००५ मध्ये तीच पुन्हा बाजारात आणली. तिच्यात हुशारी अशी काही नाही, मागच्या दोन चाकांवर चालते आणि खड्ड्यात बेडकासारखी उडते. पण चित्रांची पुस्तिका समोर ठेवून कुणीही जोडू शकेल अशी ती आहे. तुला मुळातून जोडायची हौस असेल तर असलं एखादं किट घे. फक्त एक ध्यानात ठेव, किटच्या खोक्यात रिमोट, रिसिव्हर, सर्व्हो, बॅटरी आणि चार्जर बहुधा नसतात. घरी आणून खोकं उघडल्यावर रडू येऊ नये म्हणून आत्ताच सांगतेय.

आता तुझ्यासाठी कोणती, ते बोलू. तू पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतेस, जवळ शाळेचं मैदान आहे, आणि गच्ची आहे पण गच्चीवर जोशीकाकूंचं वाळवण आहे. मी तुला दोनच पर्याय ठेवते.

एक म्हणजे छोटा क्रॉलर, १/२४ मापाचा, जेमतेम वीतभर लांबीचा. अ‍ॅक्सियलची एससीएक्स-ट्वेंटीफोर हे त्यातलं नावाजलेलं नाव. ही गाडी पळत नाही, चढते. माणसाच्या चालीने जाते आणि उशा, पाट, पुस्तकांची चळत, कुंड्यांमधले दगड असं सगळं पार करते. घरात चालते, आवाज करत नाही, पावसाळ्यात चार महिने मैदान बंद असलं तरी तुझा खेळ बंद पडत नाही. एखादी सहल निघाली तर पर्समध्ये मावते. आपल्या सह्याद्रीतला काळा खडबडीत दगड तर तिच्यासाठीच घडवलाय असं वाटतं, टायर काय धरतात त्यावर!

दुसरा म्हणजे मैदानात पळवायचा, मोठ्या चाकांचा ट्रक किंवा बग्गी, १/१० किंवा १/१६ मापाची. इथे १/१० म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी, साधारण दीड ते दोन फूट लांब. ही खडीवर, मातीवर, गवतावर मजेत जाते. चारही चाकांना ताकद मिळणारी असेल तर नवख्या हाताला सोपी पडते, सरळ राहते. फक्त मागची दोन चाकं फिरणारी असेल तर गरकन फिरते, पण तिच्यात भाग कमी, म्हणून दुरुस्ती सोपी आणि स्वस्त.

त्या व्हिडिओतली जमिनीला टेकलेली सुंदर रेसिंग गाडी मात्र पहिली घेऊ नकोस. जमिनीपासून ती पाच-सहा मिलिमीटर उंच असते गं. आपल्या रस्त्यावरचा एक खडा पोटाखाली गेला की खेळ खलास. गुळगुळीत डांबर किंवा फरशीचं मोठं आवार हाताशी असेल तरच तिला अर्थ. आणि नायट्रोच्या इंजिनाची गाडी तर नकोच. तिला मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनचं खास इंधन लागतं, नवं इंजिन हळूहळू रुळवावं लागतं, कार्बोरेटर हवेप्रमाणे जुळवावा लागतो, आणि आवाज असा की सोसायटीची बैठक दुसऱ्याच दिवशी लागेल. पुढे कधीतरी.

माझा कौल विचारशील तर आधी क्रॉलर. त्यावर रिमोट हातात बसू दे, मग मोठी घे.

मोठीच घ्यायची असा हट्ट असेल तर पहिली मोटर ब्रश्ड चालेल. आत कार्बनचे ब्रश घासून फिरणारी ही साधी मोटर स्वस्त असते, झिजली की बदलायची. ब्रशलेस जास्त टिकते, जास्त पळते, आणि तिथेच नवख्या माणसाची गोची होते. बघ, दोन किलोची गाडी ताशी पन्नास किलोमीटरने घोट्यावर आली तर काय होईल याचा विचार कर. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. काही गाड्यांमध्ये शिकाऊ लोकांसाठी ताकद अर्ध्यावर आणायची सोय असते, काही रिमोटवर वेग कमी करायचा खटका असतो. तो खटका पहिला महिना वर नेऊ नकोस. कुणी कितीही चिडवलं तरी.

पैशांचं म्हणशील तर हातातल्या रकमेतले दहातले सहा-सात हिस्सेच गाडीवर घाल. उरलेल्यात एक जास्तीची बॅटरी, बरा चार्जर, हत्यारं आणि मोडणारे सुटे भाग बसले पाहिजेत. लोक सगळी रक्कम गाडीवर उडवतात आणि मग पहिल्याच आठवड्यात एका आर्मपायी गाडी माळ्यावर जाते. आणि बाई, बॅटरी एका दमात पंधरा-वीस मिनिटं चालते, चार्ज व्हायला तास लागतो. दुसरी बॅटरी नसेल तर तू मैदानावर नुसती चटईवर बसशील. मात्र दोन बॅटऱ्या पाठोपाठ लावू नकोस, मधे दहा-पंधरा मिनिटं मोटरला निवू दे. बोट टेकवून धरता येत नसेल इतकी मोटर तापली, तर त्या दिवसापुरतं पुरे.

बॅटरीवर मी जरा जास्त बोलणार आहे. कंटाळलीस तरी ऐक.

दोन जाती आहेत. निकेलची, म्हणजे एनआयएमएच, ही गरीब स्वभावाची. सहा सेल मिळून ७.२ व्होल्ट. जड असते, जोर थोडा कमी देते, पण तुझ्याकडून हेळसांड झाली तरी सहसा सांभाळून घेते. दुसरी लायपो. हलकी, जोरकस आणि मानी. तिचा एक सेल ३.७ व्होल्टचा, म्हणून दोन सेलची टू-एस ७.४ आणि तीन सेलची थ्री-एस ११.१. एवढंच त्या टू-एस थ्री-एसचं गूढ होतं, उगाच घाबरलीस. एक सेल भरला की ४.२ व्होल्ट, त्याच्या वर नेला की धोका, आणि ३ च्या खाली उतरला की सेल मरतो. म्हणून ईएससीमध्ये लायपोसाठीचं कटऑफ चालू आहे ना, हे पहिल्या दिवशीच बघून घे. गाडी अचानक रेंगाळायला लागली की "अजून एकच फेरी" करायची नाही, बंद करायची.

चार्जरवर बॅटरीची जात निवडायची असते. लायपो लावून निकेलच्या सेटिंगवर चार्ज करणं ही या छंदातली सगळ्यांत धोक्याची चूक. बटण दाबण्याआधी स्क्रीन वाच, मोठ्याने वाच. दर सेल सारखा भरणारं बॅलन्स चार्जिंग वापर. किती करंट? २००० एमएएचच्या बॅटरीला २ अ‍ॅम्पियर, म्हणजे साधारण तासाभरात भरते. घाई करून जास्त नको. लायपो चार्जिंगला लावून बाजारात जाणं म्हणजे गॅसवर दूध ठेवून बाजारात जाणं. तिथेच बस, भाजी निवड, पण नजर असू दे. फरशीवर ठेव, पडदा, सोफा, गॅस यांच्यापासून लांब. लायपोसाठी आगरोधक पिशवी मिळते, ती घेच, आणि बाजूला वाळूची छोटी बादली असली तर उत्तम. रात्री झोपताना चार्जिंगला लावायची नाही म्हणजे नाही.

खेळून आल्यावर बॅटरी गरम असते, ती थंड होईपर्यंत चार्जर लावू नकोस. आठ-दहा दिवस वापरणार नसशील तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नकोस. चार्जरमध्ये स्टोरेज नावाची सोय असते, ती प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवते. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या कारमध्ये तर तिला विसरूच नकोस. आणि बॅटरी फुगली, पापडासारखी जराशी जरी वर आली, की तिचं आयुष्य संपलं. दाबून बघायची नाही, टोचायची नाही, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची.

हे सगळं ऐकून "नकोच बाई ही लायपो" असं वाटलं का? मग निकेलवर सुरुवात कर. त्यात काही कमीपणा नाही. पण तू रोज प्रेशर कुकर हाताळतेस, त्याच्या शिट्टीला घाबरून कुणी वरण शिजवायचं सोडत नाही.

हत्यारं फार नकोत. १.५, २ आणि २.५ मिलिमीटरच्या बऱ्यापैकी ॲलन की, चाकाच्या नटाचा पाना, टोकदार पक्कड, जुना टूथब्रश. घरातला बोथट स्क्रूड्रायव्हर वापरू नकोस. स्क्रूचं डोकं एकदा गोल झालं की तो बाहेर काढताना तुझ्या तोंडून काय काय निघेल ते मुलांनी ऐकायला नको. जपानी गाड्यांचे फुलीचे स्क्रू तर आपल्या नेहमीच्या ड्रायव्हरला नीट बसतही नाहीत, त्यांच्यासाठी जपानी मापाचा वेगळा घ्यावा लागतो. सुटे केलेले स्क्रू ठेवायला मिसळणाचा जुना डबा झकास, सात वाट्यांत सात ठिकाणचे. फक्त तो डबा स्वयंपाकघरात परत जाणार नाही याची काळजी घे. आमच्याकडे एकदा फोडणीत मोहरीबरोबर वॉशर तडतडला होता.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू घालताना एक युक्ती आहे. आधी तो उलटा फिरव, हलकीशी टक जाणवली की मग सरळ पीळ, म्हणजे जुन्याच आट्यांत बसतो आणि भोक सैल होत नाही. फार आवळायचंही नाही. धातूत धातूचा स्क्रू असेल, म्हणजे मोटरचे वगैरे, तिथे निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब लाव, नाहीतर थरथरीने तो निसटतो. प्लॅस्टिकला ते लावायचं नाही, प्लॅस्टिक ठिसूळ होतं. मोटरचा छोटा गिअर आणि त्याला लागून असलेला मोठा गिअर यांत अंतर किती ठेवायचं, हे कुणालाच नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. वर्तमानपत्राची एक पट्टी दोघांच्या दातांमध्ये सरकव, मोटर त्यावर टेकवून स्क्रू आवळ, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढ. पट्टीवर नागमोडी घडी पडली पण ती फाटली नाही, तर अंतर बरोबर. माझी ही सगळ्यांत आवडती युक्ती आहे, फुकटातली आणि अचूक.

बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल चालतं, एकच थेंब. खोबरेल तेल नको. का ते डिसेंबरमध्ये कळतं, आणि मला डिसेंबरमध्येच कळलं होतं. गाडी जागची हलेना!

आता चालवायचं. आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना उलटं, आधी गाडी, मग रिमोट. नाहीतर गाडी चालू आहे आणि तिला हुकूम द्यायला कुणी नाही, अशी वेळ येते. आजकालचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झचे, प्रत्येकाची आपल्या गाडीशी जोडी बांधलेली, त्यामुळे मैदानात चार जण असले तरी गोंधळ होत नाही. तरी एकदा गाडी उचलून, चाकं हवेत धरून रिमोट बंद करून बघ. चाकं थांबली पाहिजेत. थांबत नसतील तर फेलसेफ, म्हणजे संदेश तुटला की गाडी थांबवणारी सोय, लावून घेतल्याशिवाय जमिनीवर ठेवू नकोस. आणि काळजी करू नकोस, ड्रोनसारखी कसली नोंदणी या गाड्यांना लागत नाही. फक्त रहदारीचा रस्ता आपला नाही, एवढं पाळायचं.

सगळ्यांचं डोकं जिथे फिरतं ती जागा म्हणजे गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा. डावं उजवं होतं, उजवं डावं. तू डावीकडे वळवायला जातेस आणि गाडी कठड्याकडे धावते. यावर उपाय एकच, आपण गाडीत बसलोय असं समजून वळवायचं. हे सांगून येत नाही, बोटांना येऊ द्यावं लागतं. मैदानात दोन चपला दहा-बारा पावलांवर ठेव आणि त्यांच्याभोवती आठचा आकडा काढत राहा, अगदी हळू. आठच्या आकड्यात अर्धा वेळ गाडी दूर जाते, अर्धा वेळ जवळ येते, डावी-उजवी दोन्ही वळणं होतात. पहिल्या दिवशी वैताग येईल. तिसऱ्या-चौथ्या रविवारी अचानक लक्षात येईल की आपण विचारच करत नाहीयोत. आणि गडबड झाली की ट्रिगर सोडायचा, जास्त दाबायचा नाही. हात आपोआप उलटंच करतो, म्हणून मुद्दाम सांगते. हाताला सांगून ठेव.

लोकांचंही बघावं लागतं. सकाळी आठच्या आत जा, क्रिकेटवाले यायच्या आधी. शाळेच्या शिपाईमामांना आदल्या दिवशी विचारून ठेव, एकदा त्यांच्याही हातात रिमोट दे, मग ते स्वतः गेट उघडून देतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नको, कुणाच्या तरी दारावर चरा उठला की छंद महागात पडेल. कुत्री मागे लागली तर गाडी थांबव, थांबलेल्या गाडीत त्यांना रस नसतो. मुलं जमतीलच. आधीच नियम सांग, प्रत्येकाला एक फेरी, वेग अर्ध्यावर. आणि जोशीकाकूंच्या कुरडया गच्चीवर असतील त्या दिवशी गच्चीचं नावही काढू नकोस, माझं त्यांच्याशी अजून पूर्ण जमलेलं नाही.

पावसाबद्दल विचारलं होतंस. खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं ते आतल्या वीजवाल्या डब्यांपुरतं. बेअरिंग आणि स्क्रू गंजतात ते गंजतातच. चिखलातून आणलीस की नळाखाली धरू नकोस. वाळू दे, ब्रशने माती झाड, बेअरिंगला तेल दे. पण समुद्रावर नेऊच नकोस. अलिबागला, गुहागरला, गोव्याला गेलीस की फोटोसाठी मोह होईल, ओल्या वाळूवर किती छान दिसते म्हणून. खारं पाणी धातू खातं, बारीक वाळू गिअरमध्ये शिरून दात खाते. फोटो काढ आणि बॅगेत ठेव.

आणखी एक मोह म्हणजे चकचकीत ॲल्युमिनियमचे भाग. निळे, लाल, काय सुंदर दिसतात! पण प्लॅस्टिकचा आर्म धडकेत थोडा वाकतो, अगदीच झालं तर तो एकटा मोडतो. त्याच्या जागी धातूचा घातलास की तो मोडत नाही, धक्का पुढे ढकलतो आणि मग त्याच्याहून महाग काहीतरी तुटतं. त्या पैशांत प्लॅस्टिकचे चार आर्म येतात. बेअरिंगऐवजी नुसत्या कड्या, म्हणजे बुशिंग, असतील तिथे बेअरिंग बसव, गाडी हलकी पळेल आणि मोटर कमी तापेल. सुरुवातीला सुधारणा म्हणून एवढीच पुरे.

वरची बॉडी रंगवायची हौस आहे म्हणालीस, ती पुरी करच. पारदर्शक पॉलिकार्बोनेटची कोरी बॉडी मिळते, ती आतून रंगवतात, म्हणजे बाहेरून कितीही घासली तरी रंग जात नाही. रंग पॉलिकार्बोनेटचाच घे, साधा स्प्रे पोपडे धरतो. खिडक्या आधी चिकटपट्टीने झाक. कापायला नखांची वाकडी कात्री सर्वांत उत्तम. रांगोळीत तुझा हात आहेच, इथे तू आम्हा सगळ्यांना मागे टाकशील.

नवऱ्याला काय सांगू म्हणतेस? काहीच सांगू नकोस, रिमोट हातात दे. पंधरा मिनिटांनी तो तुला दुसऱ्या गाडीची किंमत विचारेल.

आणि हो, मैदानात पहिल्या दिवशी पायात बूट घाल, चप्पल नको. पहिल्या दिवशी गाडी येते ती आपल्याच घोट्यावर.